नाळे बर्री: वस्तीच्या गाडीसाठी सहा खेपा

गाडी कशी वाचली एवढंच सांगायचं तर पाच ओळींत संपेल. पण माझ्या डोक्यातून जात नाही तो निवेदन मिळाल्याचा शिक्का. जांभळ्या शाईचा, गोल, डावीकडून अर्धाच उमटलेला, आत बॉलपेननं घातलेली तारीख आणि खाली कोंबडीनं उकरल्यासारखी सही. एवढ्यासाठी 2025 च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत मी सहा वेळा बेळगावला गेले. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण पुढच्या कामाला परत तिथंच जायचंय.

आमचं गाव वेंगुर्ला रस्त्याला, हिंडलगा-सुळगा मागं टाकलं की पुढं, आणि मुख्य रस्ता सोडून तीन किलोमीटर आत. रात्री नऊला गाडी वस्तीला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला यायची आणि सकाळी 6.40 ला सुटायची. तिच्यात कॉलेजची पोरं, उद्यमबागेत फौंड्रीत जाणारे आणि गणपत गल्लीत भाजी घेऊन बसणाऱ्या बायका. रताळ्याचा हंगाम आला की पोत्यांमुळं पाय ठेवायला जागा नसते. मेच्या शेवटी कंडक्टरनं सांगितलं, वस्ती बंद करायचा प्रस्ताव आहे. सकाळी गाडी डेपोतून येणार, शेजारची दोन गावं धरून, आणि आमच्याकडं पोचणार 8.05 ला. माझी लेक पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. तिचं कॉलेज सव्वाआठला भरतं.

‘फाट्यावर चालत जावा की, चंदगडकडची लाल गाडी मिळते,’ म्हणजे महाराष्ट्राची एसटी, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना हिशेब माहीत नाही. शक्ती योजनेतून (11 जून 2023 पासून) बायकांना कर्नाटकाच्या साध्या गाडीत तिकीट नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीत. आम्ही हद्दीच्या अलीकडं, म्हणजे लाल गाडीत पूर्ण पैसे. शिवाय दोन राज्यांत काही बिनसलं की लाल गाडी पहिल्यांदा थांबते. फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्हीकडच्या गाड्या काही दिवस बंदच होत्या. तिच्यावर पोरीचं वर्ष सोडायचं काय?

वस्ती चालू ठेवा म्हणून निवेदन लिहिलं. त्यावर सह्या दोन संध्याकाळांत झाल्या, एकशेबारा. त्यात काही सांगण्यासारखं नाही.

पहिल्या खेपेला मी निवेदन मराठीत नेलं. इनवर्डच्या, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद करायच्या खिडकीत एक बाई होत्या. कागद वरून खाली बघितला, परत सरकवला. ‘कन्नडदाग बरदु तर्री.’ कन्नडमध्ये लिहून आणा. मी म्हटलं, बाई, मला बोलता येतं, लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘नाळे बर्री.’ उद्या या. दुपारी त्याच बाई बाहेर चहाच्या टपरीवर भेटल्या. माझी पिशवी बघून स्वच्छ मराठीत विचारतात, ‘रताळी गावची काय हो? कशी दिली?’ खरं सांगते, इतका राग आला की मी भाव दहा रुपयांनी वाढवून सांगितला. घेतली त्यांनी.

गावातल्या निवृत्त मास्तरांनी नंतर सांगितलं, राज्यघटनेचं कलम 350 आहे. तक्रारीचं निवेदन कुठल्याही अधिकाऱ्याला देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. दुसऱ्या खेपेला मी ते वहीच्या पानावर लिहून घेऊन गेले आणि खिडकीत वाचून दाखवलं. बाई हसल्या. ‘ते साहेबांना सांगा.’ कलम खरं आहे, पण खिडकीत त्याचा काही उपयोग होत नाही, हे मला दोन खेपा घालवून कळलं. तुम्ही नुसतं एक करा: वर मराठी, मागं कन्नड, एकत्र टाचणी मारा. मला शेजारच्या पोरानं कन्नड करून दिलं होतं, एका वड्याच्या बोलीवर.

आता खरा चक्रव्यूह. त्याच खेपेला कन्नड कागदही दिला, तर बाई म्हणाल्या, आधी साहेबांचं मार्किंग (कागदावरचा शेरा) आणा, मग इनवर्ड होईल. साहेबांच्या दारावरचा शिपाई म्हणाला, आधी इनवर्ड करून आणा, त्याशिवाय साहेब कागद बघत नाहीत. मी त्या दोघांच्या मधल्या बोळातून चार वेळा हेलपाटे घातले. बोळात एक बाकडं आहे, एक पाय आखूड असलेलं. त्यावर बसलं की आपोआप खिडकीकडं कलतं. मी, एक दूधवाला आणि पासासाठी आलेला एक पोरगा, तिघं एका बाजूला बसलो तर शिपाई ओरडला, मोडेल! दुपारी साहेब मीटिंगला गेले. ‘साहेबरु इल्लरी, नाळे बर्री.’ साहेब नाहीत, उद्या या.

त्या बाकड्यावर बसून लोकांच्या तोंडून सगळी वाहतूक ऐकली. हुबळी-धारवाडच्या चिगरी बसची, तो 22 किलोमीटरचा वेगळा रस्ता, आता तिथं हलकी रेल्वे आणायची चर्चा आहे म्हणे. बेळगाव-कित्तूर-धारवाड नव्या रेल्वेची, 73 किलोमीटरची, जिच्यासाठी जमीन द्यायची की नाही यावर गावोगाव भांडणं झाली. दूधवाला म्हणाला, ‘धारवाडला रूळ जातील, आमच्या गावाला टायर येईना.’

तिसऱ्या खेपेला साहेब होते, पण त्यांनी दारातूनच पत्ता वाचला आणि म्हणाले, तुम्ही डेपो मॅनेजरच्या नावानं लिहिलंय. वेळापत्रक ठरतं विभागाकडं. नाव बदला. हे पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला काय झालं होतं? म्हणून ही सूचना आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर विसरेन: गाडी वेळेवर आली नाही, कंडक्टर उर्मट बोलला, गाडी थांबली नाही, असल्या गोष्टी डेपोत. फेरी नवी सुरू करणं, बंद करणं, वेळ बदलणं हे विभागीय कार्यालयात. आणि प्रत डेपोला द्यायचीच, कारण गाडी त्यांची असते.

चौथी खेप 5 ऑगस्टची. त्या दिवशी परिवहन कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप. बसवाल्यांकडं बसची तक्रार घेऊन निघाले, आणि जायला बस नाही. फाट्यापर्यंत चालत गेले, वडापमध्ये, म्हणजे शिटा भरून धावणाऱ्या खासगी गाडीत, पाठ मोडून बसले, दाराला कुलूप बघून परत आले. आमचे हे म्हणाले, ‘पेपर वाचत जा की गं.’ मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पेपरमध्ये संपाची बातमी होती हे मात्र खरं.

पाचव्या खेपेला मागणी नवीन: ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब आठवड्यातून दोन दिवस आमच्यात, बाकी दिवस दुसऱ्या पंचायतीत. ठराव मिळाला, पण मी त्याच दिवशी मास्तरांच्या सांगण्यावरून दुसरंही काम केलं. सगळ्या कागदांची झेरॉक्स काढून उभी-आडवी घडी घातली आणि पोचपावतीसकट रजिस्टर पोस्टानं त्याच कार्यालयाला पाठवली. (त्यानंतर 2025 मध्येच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय. तेव्हा आता स्पीड पोस्ट करा, पण पोचेची सोय वेगळी मागून घ्या, आपसूक मिळत नाही.)

पाचव्या दिवशी पोस्टमन कार्ड घेऊन दारात. त्यावर तोच गोल जांभळा शिक्का! तीच कोंबडीची सही! ज्या बाईंनी माझ्या हातातून कागद घ्यायला पाच खेपा लावल्या, त्यांनीच पोस्टमनच्या हातातून तो उभ्याउभ्या घेतला होता. मी पायरीवर बसून आधी हसले, मग रडायचंच बाकी राहिलं.

सहाव्या खेपेला गेले ती कार्ड घेऊन. काही बोलले नाही, खिडकीत ठेवलं. बाईंनी कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, रजिस्टर उघडलं आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारला. पॅड सुकलेलं होतं म्हणून अर्धाच उमटला. ‘परत मारू काय?’ म्हणाल्या. नको म्हटलं, पुरे. तुम्ही मात्र मारून घ्या. मागाहून नंबर वाचता आला नाही तर फाईल शोधताना अवघड जातं, मला गेलं. आणि घरून निघतानाच दोन प्रती घेऊन निघा. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं लाइट नसते.

त्यानंतर सगळं भराभर झालं. साहेबांनी बसायला सांगितलं आणि फाईल उघडली. वस्ती बंद करायची कारणं दोन लिहिलेली. एक, किलोमीटरमागं उत्पन्न कमी. मी म्हटलं, साहेब, गाडीत उभं राहायला जागा नसते. ते म्हणाले, पासवाली पोरं तिकिटाच्या मशीनमध्ये दिसत नाहीत, आणि बायकांची शून्य रुपयांची तिकीटं निघालेलीच नाहीत. गर्दीत कंडक्टर मागच्या बाईपर्यंत पोचेपर्यंत सुळगा येतं. फुकट आहे म्हणून कोण मागत नाही. पण सरकार महामंडळाला पैसे देतं ते त्या शून्य तिकिटांच्या हिशेबानं. म्हणजे आमची भरलेली गाडी कागदावर रिकामीच धावत होती. तेव्हापासून मी गाडीत ओरडते, ‘तिकीट घ्या गं बायांनो!’ आधार कार्ड दाखवा, शून्याचं का होईना, तिकीट फाडून घ्या. पोत्याचं लगेज तिकीटही.

दुसरं कारण वाचून मात्र मी गप्प झाले. ड्रायव्हर-कंडक्टरची तक्रार होती: वस्तीला खोली नाही, संडास नाही, पावसात गाडीतच झोपावं लागतं, गाडी गळते. वर्षानुवर्षं ती गाडी माझ्या दारापासून पन्नास पावलांवर उभी राहायची. ते दोघे रात्री कुठं झोपतात हे मी कधी विचारलं नव्हतं. देवळाच्या ओसरीवर असतील, असं वाटायचं. सह्या केलेल्या एकशेबारा जणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी विचारलं, खोली देता काय? मी कुणालाही न विचारता देतो म्हणून आले.

पंचायतीनं समुदाय भवनामागची खोली मोकळी केली. आत जुनी खतांची पोती होती, ती काढली, बल्ब लावला, शेजारच्या संडासाला कडी बसवली. खोलीचं छायाचित्र आणि ठराव नेऊन दिला. मधे थांबलेली गाडी पंधरवड्यात परत वस्तीला येऊ लागली. सुटते 6.50 ला. दहा मिनिटं गेली, पण लेक पोचते.

माझ्या निवेदनाला लेखी उत्तर आलेलं नाही. माहिती अधिकारात विचारायचं म्हणते. कर्नाटकात त्या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि एकच विषय लागतो, त्यामुळं मला आधी लिहायचं कमी करायला शिकावं लागेल. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणून ठेवलीय.

खोलीची किल्ली आमच्याच दारामागच्या खिळ्याला असते. पहिल्या रात्री गाडी लागली, कंडक्टर भिजत आला, किल्ली घेतली, दोन पावलं गेला आणि परत वळला. म्हणाला, ‘अक्का, कॉइल ऐत्येन्री?’ डास मारायची कॉइल घरात होती. काडेपेटीसकट दिली.