मुरमावरचं पाणी कुठं जातं

इंदापूर तालुक्यातल्या एका गायरानावर झाडं लावायचं ठरलं होतं. पैसा एका कंपनीच्या सामाजिक निधीतून येणार होता, ग्रामसभेचा ठराव झाला होता आणि माळाच्या वरच्या अंगाला खड्ड्यांच्या दोन ओळी खणूनही झाल्या होत्या. मग कुणीतरी सुचवलं की गवताची पाहणी करून घ्यावी. माझं कामच गवताळ माळांवरचं, म्हणून मला बोलावणं आलं.

ऑक्टोबर नुकताच लागला होता. कंपनीचे इंजिनीअर, सरपंच, मी आणि त्या माळावर वर्षानुवर्षं मेंढरं राखणारे नाना, असे आम्ही चौघं. इंजिनीअरसाहेबांनी ड्रोनवरून काढलेला फोटो छापून आणला होता. उतारभर आडवे पट्टे दिसत होते: पिवळं गवत, मग उघडा तांबूस मुरूम, पुन्हा गवत. मुरमाच्या प्रत्येक पट्ट्यावर लाल पेनानं खुणा केलेल्या.

"मॅडम, गवताला आम्ही हातही लावत नाही. ह्या नुसत्या रिकाम्या जागा आहेत, तेवढ्याच भरतोय."

ऐकायला रास्त वाटतं, आणि म्हणूनच मला ह्या वाक्याची धास्ती वाटते. सरकारी नकाशात असे कितीतरी माळ पडीक म्हणून नोंदलेले आहेत, आणि पडीक म्हटलं की ग्लिरिसिडियासारखी झटपट वाढणारी परदेशी झाडं लावायला सगळे मोकळे.

मी टेप उताराच्या दिशेनं सोडला आणि नानांना म्हटलं, दर पाच मीटरवर पहार मारा. मुरमावर पहार ठणकन वाजायची, दोन बोटंसुद्धा आत जायची नाही. गवताच्या पट्ट्यात तीच पहार वीतभर उतरायची. दख्खनचा हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, मऊ. मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो, घट्ट थर पायरी धरून राहतो, आणि माती साचते ती पायरीच्या टप्प्यावर. माती बदलली की गवतही बदलतं. जिथं माती नावालाच, तिथं तीन कुसळांचं बारीक अरिस्टिडा, थोडी वाढली की कुसळी, आणि खाली नाल्याकडे काळी माती लागली की मारवेल. बोरी-बाभळी आणि हिवरही तिथंच, खाली. वर एकही नाही. कुणी तोडल्या म्हणून नाही. मुळांना जायला जागाच नाही.

टेप अर्ध्यावर आला असेल आणि पाऊस आला. परतीचा पाऊस, आडवातिडवा. सरपंच गाडीकडे पळाले. इंजिनीअर निघाले होते, पण नाना जागचे हलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "सायेब, जरा थांबा. पानी कुटं जातंय त्ये बगा."

मुरमावर पाणी मुरतच नव्हतं. पाच मिनिटांत सगळा पट्टा चकाकायला लागला आणि पाण्याचा एक पातळ थर खाली सरकू लागला. त्याच्याबरोबर लेंड्या, काड्या, बी, गढूळ माती. गवताच्या पहिल्या ठोंबांपाशी येऊन ते सगळं अडलं. प्रत्येक ठोंबाच्या वरच्या अंगाला फेस आणि काडीकचऱ्याची एक कमान तयार झाली, आणि पाणी ठोंबाच्या बुडाशी जिरायला लागलं. गवताचा पट्टा ओलांडून पलीकडच्या मुरमावर फारसं काही गेलंच नाही.

पाऊस थांबल्यावर आम्ही खुरप्यानं उकरून पाहिलं. मुरमात ओल दोन बोटं. गवताखाली वीतभर, थेट खडकापर्यंत.

म्हणजे गवताच्या पट्ट्याला आभाळातून पडतं तेवढंच पाणी मिळत नाही, वरच्या मुरमावरचंही मिळतं. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसात ते असं तगून राहतं. गवत पाणी अडवतं, पाण्याबरोबर माती येते, मातीनं गवत दाट होतं. पण एका पट्ट्यानं पाणी पिऊन टाकलं की लगेच खाली दुसरा पट्टा उभा राहू शकत नाही. जवळच्याला आधार आणि लांबच्याशी स्पर्धा, एवढ्यावर नक्षी तयार होते. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनं 1952 साली रसायनांतून नक्षी कशी उमटते त्याबद्दल असंच गणित मांडलं होतं, पुढं संशोधकांनी ते कोरड्या प्रदेशांतल्या झाडोऱ्याला लावलं. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमधले झुडपांचे पट्टे ह्याच हिशेबानं समजतात. नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या कडेला गवतात उघडी वर्तुळं पडतात, त्यांच्याबद्दल मात्र ती वाळवीची करणी की पाण्याच्या ओढाताणीची, हा वाद अजून चालू आहे. आपल्या माळावर खडकाच्या पायऱ्या मुळात आहेतच, त्यामुळं सगळं श्रेय पाण्याला देता येत नाही. पण त्या दिवशी पाण्याचा वाटा आम्ही उभं राहून पाहिला.

इंजिनीअर विचारी माणूस. त्यांनी खड्ड्यांकडे बोट केलं. ते तुडुंब भरले होते. "मग हे तर चांगलंच झालं ना? झाडाला पाणी मिळेल."

मी काही बोलायच्या आत नाना खड्ड्यांच्या ओळीखाली जाऊन बसले आणि गवताच्या बुडाशी खुरपं घातलं. वरची दोन बोटं ओली, खाली कोरडी माती, भुगा झालेली. वरून येणारं पाणी खड्ड्यांनी पिऊन टाकलं होतं. साहेबांनी स्वतः खुरपं घेतलं आणि ओळीच्या टोकाला, जिथं खड्डे नव्हते, तिथं उकरलं. तिथं ओल खडकापर्यंत होती.

आम्ही परतायला निघालो तेव्हा माझी सलवार कुसळांनी भरलेली. एक कुसळ काढून मी साहेबांच्या ओल्या तळहातावर ठेवलं. पीळ उलगडत ते आपोआप फिरायला लागलं. ओलं झालं की उलगडायचं, वाळलं की पुन्हा पिळायचं, आणि असं फिरत टोकदार बी मातीत घुसवायचं. ही सगळी यंत्रणा सुट्या मातीसाठी आहे. कठीण मुरमावर बी नुसतं लोळत राहतं. मुरूम गवतासाठी नाहीच, पण उन्हाळ्यात धाविक पक्षी अंडी घालतो तो असल्याच उघड्या जमिनीवर.

अहवालात मी एवढंच मागितलं: मुरमाचे पट्टे जसे आहेत तसे सोडा, झाडं हवीच असतील तर खाली नाल्याच्या काठानं बोर, बाभूळ, हिवर लावा आणि खणलेले खड्डे बुजवा. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. खड्ड्यांची एक ओळ बुजवली, दुसरीत तोवर कडुनिंब लावून झाले होते, फोटोही निघाले होते. ती राहिली.

बुजवलेल्या ओळीवर पहिल्या पावसाळ्यात गाजरगवत आलं. नानांच्या घरच्यांनी ते उपटून काढलं, कारण मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत. कडुनिंबांच्या खालच्या पट्ट्यात कुसळी विरळ होत चालली आहे आणि तिच्या जागी अरिस्टिडा दिसतंय. ती ओळही काढावी म्हणून नानांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, सोबत माझी मोजणी जोडली आहे.