टीसीएलच्या पिंपातील साका आणि तोटीवरचा थर

उन्हाळ्यात धरणाचे पाणी आटले आणि गाव बोअरवर आले की आमच्या लातूर भागात टीसीएलची, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याच्या ब्लीचिंग पावडरीचे द्रावण पिंपातून टाकीत सोडणारी, तोटी वरचेवर तुंबू लागते आणि खापर नेहमी पावडरीवर फुटते. पावडर कधी निकृष्ट असतेही; परंतु पिंपाच्या तळाचा मऊ साका आणि तोटीच्या तोंडावर धरणारा टणक पांढरा थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

साका हा मुख्यतः पावडरीतील न विरघळणारा चुना असतो. ताज्या, चांगल्या पावडरीत उपयुक्त क्लोरीन सुमारे 33 टक्के असतो. अशी 3 किलो पावडर 100 लिटर पाण्यात कालवली की साधारण 1 टक्क्याचे द्रावण होते. त्याहून फार घट्ट कालवल्यास साका दाट होतो आणि बराच क्लोरीन त्यातच अडकून राहतो. पावडर पिंपात थेट ओतू नये. आधी बादलीत थोड्या पाण्याने तिची गुठळ्या मोडलेली पातळ लापशी करावी, मग उरलेले पाणी घालून ढवळावे आणि काही तास हात न लावता वरची निवळी तेवढी दुसऱ्या पिंपात काढून घ्यावी. दुसरे पिंप कशाला, असे ग्रामपंचायतीत हमखास विचारले जाते. ते मिळालेच नाही तर निदान तोटी तरी तळापासून चार बोटे वर बसवावी.

टणक थराचे कारण निवळीतच असते. ती कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यात चुना विरघळलेला असतो आणि बोअरच्या जड पाण्याशी गाठ पडताच त्या पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन ते तिथेच चिकटते. म्हणून तोटीच्या नळीचे टोक टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. पाण्यापासून वीतभर वर ठेवावे, म्हणजे द्रावण मोकळे खाली पडते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळेही पिंपात वर पापुद्रा धरतो, तेव्हा झाकण घट्ट हवे आणि द्रावण लागेल तेवढेच करावे. शिळ्या द्रावणातील क्लोरीन उडून जातो, तो तोटा निराळाच.

तरीही थर धरलाच तर तोटी काढून, भरपूर पाण्याने धुऊन, मगच पातळ आम्लात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवावी. ब्लीचिंगचा अंश राहिलेल्या भांड्यात आम्ल पडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यामुळे हे काम उघड्यावरच करावे, पंपाच्या कोंदट खोलीत कदापि नाही. तुरटीचे द्रावणही याच कारणाने वेगळ्या पिंपात हवे, कारण तेही आम्लधर्मी असते.

तळाच्या साक्यात आणखी एकदा पाणी घालून ढवळले तर त्यातला उरलासुरला क्लोरीन निघतो. ते पाणी पुढच्या द्रावणाला वापरावे आणि राहिलेला चुना विहिरीपासून दूर, गटारांच्या कडेला टाकावा.