कंसातलं कारण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनावर, खो-खोच्या चमूवर, हातपंपावरच्या भांडणांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे ते नववीच्या भूमितीच्या तासाबद्दल. आज कृषी विभागात काम करताना बांधावर उभी राहून मी जे काही ठरवते, त्याची रीत मला त्या तासाला मिळाली.

आमचे भूमितीचे सर फळ्यावर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा क्रमाने जात. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे उजवीकडे कंस. त्यात कारण लिहायचं : (शीर्षाभिमुख कोन), (सामाईक बाजू), (व्युत्क्रम कोन). ओळ बरोबर पण कंस रिकामा, तर त्या ओळीला गुण नाही. एखाद्याने म्हटलं, "सर, आकृतीत दिसूनच तर राहिलं, दोन्ही बाजू सारख्या हायेत," की सर खडू खाली ठेवत. "दिसते ते ठीक हाय. पण कायच्यावरून म्हणतं, ते सांग." मग ते तीच आकृती मुद्दाम वाकडी काढत, एक बाजू डोळ्यांना स्पष्ट लांब दिसेल अशी, आणि सिद्धता त्या वाकड्या आकृतीवर पुन्हा ओळीने वाचायला लावत. ती जशीच्या तशी लागू पडायची. ती उभी होती कंसातल्या कारणांवर. आकृती कशी दिसते यावर नव्हतीच. चौदा वर्षांच्या पोरांना हे कळलं तेव्हा वर्गात एक वेगळाच आनंद झाला होता. मला तो अजून स्पष्ट आठवतो.

प्रमेयाच्या व्यत्यासावर, म्हणजे उलट्या विधानावर, सर सगळ्यात जास्त वेळ घालवत. दोन त्रिकोण एकरूप असतील तर त्यांची क्षेत्रफळं समान, हे खरं. पण क्षेत्रफळं समान आहेत म्हणून त्रिकोण एकरूप? नाही. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाचा व्यत्यास मात्र खरा निघतो, पण तो वेगळा सिद्ध करावा लागतो, मूळ प्रमेयाच्या पुण्याईवर चालत नाही. हे पक्कं व्हावं म्हणून सरांनी न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, उदाहरण सांगितलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. का? तर जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. आता हेच उलटं करा : जिथे आग तिथे धूर. अर्धा वर्ग "हो" म्हणाला. सर आम्हाला रांगेने गावातल्या लोहाराकडे घेऊन गेले. त्याने भट्टीतून वखराची पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, ओढून बाहेर काढली. लालबुंद, हात दोन वीत अंतरावरही ठरेना, आणि धूर म्हणाल तर एक रेघ नाही. जुन्या नैयायिकांनीही तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचंच उदाहरण दिलं आहे. धुराला नुसती आग पुरत नाही, ओलं सरपणही लागतं. ही जास्तीची अट ज्याने पाहिली नाही, त्याचा निष्कर्ष तिथेच कोसळतो.

सहल लोणारला गेली होती. बुलडाणा जिल्ह्यातलं म्हणून ते सरोवर आम्हाला घरचंच वाटायचं. काठावर उभं राहिलं की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची ती वाटोळी खळगी एका नजरेत मावते. सरांनी तिथेही विचारलं, "हे कशाने झालं असेल?" सभोवार सगळा काळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचाच खडक, त्यामुळे ही ज्वालामुखीची करणी असणार, असं कित्येक जाणकारांनाही वाटत आलं होतं. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या विवराशी तिचं साम्य दाखवलं; ते विवर आज उल्कापाताचं म्हणून ओळखलं जातं. तरी पुढे कित्येक वर्षं वाद मिटला नाही, कारण साम्य हा पुरावा नव्हे. तळाशी वेधन करून काढलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं आणि १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते प्रसिद्ध केलं, तेव्हा गोष्ट बदलली. मास्केलिनाइट म्हणजे प्रचंड धक्क्याच्या दाबाने, न वितळता काचेसारखं झालेलं फेल्डस्पार. एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. अंतराळातून येणारा पाषाण प्रचंड वेगाने आदळला तर होतो. म्हणजे तर्क असा चालला : विवर ज्वालामुखीचं असतं तर मास्केलिनाइट मिळालं नसतं, मिळालं आहे, म्हणून ते ज्वालामुखीचं नव्हे. तीन ओळी, आणि तिन्हींच्या कंसात कारण.

२०२० च्या जूनमध्ये त्याच सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा गावोगाव नाना अर्थ लावले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले. नमुना काही वेळ स्थिर ठेवला तर गुलाबी गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या खारजीवी सूक्ष्मजीवांचा होता. किती साधी कृती ती, आणि तिने किती शंका एकदम बाजूला केल्या! मला ही बातमी वाचून सरांना फोन करावासा वाटला. ते तेव्हा हयात नव्हते.

आता माझ्या कामाचं. कपाशी पात्याबोंडांवर आली की फोन सुरू होतात, "ताई, झाडं लाल पडून राहिली. दुकानात म्हणतेत म्याग्नेशियम मारा." मॅग्नेशियम कमी पडलं की पान लाल होतं, हे अगदी खरं. पण पान लाल झालं म्हणून मॅग्नेशियमच कमी आहे, हा व्यत्यास झाला, आणि तो खोटा आहे. लाल्या, म्हणजे हे लाल पडणं, रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनीही येतो, चिबाडाच्या म्हणजे पाणी साचणाऱ्या रानातही येतो, रात्री एकाएकी थंड झाल्यावरही येतो. म्हणून मी शेतात जाऊन आधी खालची पानं बघते. शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा लाल, तीही खालच्या जुन्या पानांपासून सुरू झालेली, तर मॅग्नेशियमचा संशय बळावतो. कडा पिवळ्या पडून मग लाल झालेल्या आणि खाली मुडपलेल्या असल्या, तर पान उलटायचं : तुडतुड्यांची पोपटी रंगाची बारीक पिल्लं तिरपी चालताना दिसली की प्रश्न मिटला. त्या शेतात मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी म्हणजे मजुरी आणि पैसा दोन्ही पाण्यात. उसनवारीवर उभ्या असलेल्या घरात तो पैसा म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायला नको.

२०१७ सालचं मात्र याहून अवघड होतं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात कपाशीची वाट लावली. त्याआधी बीटी वाणाबद्दल, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या कपाशीबद्दल, लोकांचा तर्क सरळ होता : बीटीवर बोंडअळी येत नाही, माझं वाण बीटी आहे, म्हणून माझ्या शेतात बोंडअळी येणार नाही. मांडणीत कुठेही चूक काढता येत नाही. चूक पहिल्या ओळीत शिरली होती. दोन जनुकांचं बीटी वाण २००६ मध्ये आलं, वर्षानुवर्षं त्याने काम केलं, आणि तेवढ्या काळात गुलाबी अळीने त्याला पचवायला सुरुवात केली. फरदड ठेवल्याने, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी उभी ठेवल्याने, तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळत गेलं, आणि अळीत अशी ताकद लवकर येऊ नये म्हणून बियाण्याच्या पिशवीबरोबर तेव्हा मिळणारं बिगर-बीटीचं पाकीट कडेने लावायचं राहून गेलं. नियम अनुभवातून आलेला असला की तो अधूनमधून शेतात नेऊन तपासावा लागतो. भूमितीचं प्रमेय तसं जुनं होत नाही, शेतीतलं होतं.

ही अळी बोंडात शिरते आणि भोक बुजून जातं, म्हणून बाहेरून बोंड हिरवंगार, धडधाकट. "बोंडाले भोकच नाही तं अळी कुठून आली?" असं विचारणाऱ्याशी मी वाद घालत नाही, बोंड फोडून दाखवते. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. त्यामुळे "गुलाबी दिसत नाही" यावरूनही काही सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं फोडायची, त्यात दोन किडलेली निघाली म्हणजे दहा टक्के, आणि मग फवारणीचा विचार. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले तरी तेच. आणि कळी पूर्ण न उमलता पाकळ्या गुंडाळून गुलाबासारखी राहिली, म्हणजे डोमकळी दिसली, तर ती तिथेच तोडून उघडायची.

शाळेमागच्या रानात अजून कपाशी असते, असं ऐकते. मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. ऑक्टोबरात नववीचा एक तास त्या रानात घ्यावा. मुलांनी आधी प्रत्येकाने आपापला अंदाज कारणासह लिहून ठेवावा, मगच बोंडं फोडावीत, आणि कुणाचं कारण टिकलं हे तिथेच बघावं. तारीख कळवली तर चाकू आणि सापळे घेऊन मी येईन; रानमालकाशी मी स्वतः बोलते.