संस्थेत नोकरी धरण्याआधी

समाजासाठी काहीतरी करायचंय म्हणून स्वयंसेवी संस्थेत जाणारे लोक तिचं ध्येयधोरण मन लावून वाचतात. तिथला साधा मंगळवार कसा जातो, ते विचारायचं राहून जातं, आणि पुढे कंटाळा येतो तो त्या मंगळवाराचाच.

प्रकल्प समन्वयकाचा दिवस घ्या. सकाळी हजेरीपत्रकं आणि व्हाउचर, दुपारी मासिक अहवाल, त्यात एक्सेलच्या बेरजा जुळत नाहीत. गावची बैठक रात्री, कारण त्याआधी माणसं शेतातून परतत नाहीत. लोकांत मिसळायला आवडतं म्हणून आलेला इथे वैतागतो. हिशेबात रमणारा मात्र टिकतो. असा माणूस संस्थांना हवाच असतो. म्हणून आठ-पंधरा दिवस कार्यकर्त्याच्या मागे फिरून बघा, तेही जुलैत. डिसेंबरात कुठलंही गाव छानच दिसतं.

कामाचा उपयोग होतो का, हे ताडायला संस्थेला एकच प्रश्न पुरे: तुम्ही नेमकं काय मोजता? शिबिरं आणि लाभार्थींचे आकडे कोणीही देतं. गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू मोजले आणि ते हा कार्यक्रम नसलेल्या गावांशी ताडून पाहिले. १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एवढं सगळ्यांना जमणार नाही, पण प्रश्न ऐकून समोरचा चिडला तर काय ते समजा.

आता पगार. तो कुठल्या निधीतून येतो आणि तो निधी कधी संपतो, हे मुलाखतीतच विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, प्रकल्प वर्षाच्या किंवा फार तर तीन-चार वर्षांच्या बोलीवर चालतात, त्यामुळे बरेच करार ३१ मार्चला संपतात. परदेशी निधीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. अशा निधीवरच्या संस्थेत तुमचं पद कार्यालयातलं असेल, तर कात्री आधी तिथे लागते.

घरभाडं, कर्जाचा हप्ता, घरी पाठवायचे पैसे आणि आरोग्यविमा यांची बेरीज करा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. शैक्षणिक कर्ज मोठं असेल तर ते फिटेपर्यंत कंपनीत राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. "इथे पैशासाठी कोणी येत नाही" असं ऐकवणाऱ्या संस्थेकडे तर पीएफ आणि सुट्ट्यांचे नियम लेखीच मागावेत.