वाद मिटला, कागदावर काहीच नाही

सोमवार

परीक्षेचं वेळापत्रक आलं. पहिलाच पेपर नेमका वेतनकराराच्या आठवड्यात. म्हणजे दिवसभर युनियनसमोर बसायचं आणि रात्री जेवणं आटोपली की 'वाटाघाटींचे सिद्धांत' उघडायचं. नवरा म्हणाला, "आधी प्रॅक्टिकल, मग थिअरी. बरंय की!" त्याला हसायला काय जातंय.

वाद-निराकरणाचा हा पदव्युत्तर डिप्लोमा मी हौसेनं घेतलेला नाही, हे निदान इथं तरी सरळ लिहावं. आमच्या प्लांटमध्ये आयआर, म्हणजे औद्योगिक संबंध, युनियनशी बोलणी वगैरे, बघणारे साहेब निवृत्त होणार, ही कुणकुण बऱ्याच आधी लागली होती. एचआरमध्ये दोन घराणी असतात. एक भरती-ट्रेनिंगवाल्यांचं, दुसरं आयआरवाल्यांचं. दुसऱ्या घराण्यात बहुतेक पुरुष, कुणी एलएलबी, कुणी एमएसडब्ल्यू. गेटवर घोषणा चालू असताना आत निवांत चहा पिणारे. मी पहिल्या घराण्यातली. त्या जागेसाठी नाव पुढे करायचं तर 'या बाईंना भांडणं झेपतील का' या प्रश्नाला बायोडेटातच उत्तर हवं होतं.

शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं, या विषयाला दोन दारं आहेत. एक शांतता-अभ्यासाचं. इंग्लंडात ब्रॅडफर्ड विद्यापीठात हा विभाग १९७३ पासून आहे. आपल्याकडे दिल्लीत जामिया मिलियाच्या नेल्सन मंडेला केंद्रात एम.ए. करता येतं. तिथं युद्धं, फाळण्या, वांशिक दंगली, पुनर्वसन हा सगळा पसारा. दुसरं दार वकिलांचं. लवाद, मध्यस्थी, समेट, लोकअदालत. हैदराबादच्या नालसारसारखी विधी विद्यापीठं यातला डिप्लोमा दूरशिक्षणानं देतात. मी दुसऱ्या दारानं शिरले आणि आत गेल्यावर पहिल्या दाराकडची पुस्तकंच जास्त वाचत बसले.

पदवी घेतली की नोकरी मिळेल, असं धरून बाविसाव्या वर्षी यात उडी घेणाऱ्या मुलांची मात्र मला काळजी वाटते. परवा भाचीनं विचारलं तेव्हा तिला हेच सांगितलं. हा विषय म्हणजे पोळीवरचं तूप. पोळी आधी हवी. मग ती वकिलीची असो, समाजकार्याची असो, नर्सिंगची असो, नाहीतर माझ्यासारखी एचआरची.

मंगळवार

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांच्या संघर्ष हाताळण्याच्या पाच पद्धती आज पुन्हा वाचल्या. १९७४ ची प्रश्नावली. स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळाटाळ, नमतं घेणं. प्रत्येक कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये ही चौकट भिंतीवर लागते आणि प्रत्येक मॅनेजर स्वतःला 'सहकार्य'च्या खणात बसवून घेतो. पाच मार्कांचा प्रश्न. पुढे.

गुरुवार

मेरी पार्कर फॉलेट या बाईंवरचं प्रकरण संपवलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यांचं नाव इतकं उशिरा का येतं, कळत नाही. १९२०च्या दशकात त्या सांगत होत्या की भांडण मिटवण्याचे तीन रस्ते: एकानं दुसऱ्याला दाबणं, दोघांनी थोडं थोडं सोडणं, आणि तिसरा, दोघांना खरंच जे हवंय ते मिळेल अशी वेगळी मांडणी शोधणं. उदाहरण त्यांचं स्वतःचंच. ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा मिळाली, यांच्या अंगावर थेट येणारा उत्तरेचा वारा टळला.

वाचताना आमच्या बसचंच प्रकरण डोळ्यांसमोर होतं.

दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. मागच्या कराराच्या मागणीपत्रात युनियननं शिक्रापूर रोडच्या कामगारांसाठी स्वतंत्र बस मागितली होती. अ‍ॅडमिन म्हणालं, बजेट नाही. युनियन म्हणाली, मग दुसऱ्या पाळीला ओव्हरटाइम नाही. दोन बैठका याच दोन वाक्यांवर गेल्या. तिसरीच्या आधी मी एका रात्री थांबले आणि त्यांच्याच बसमध्ये बसले. बस सुटायची वेळ सव्वाबारा, सुटली पावणेएकला. पेंटशॉपची मुलं यायची होती. ती का अडकली, तर तिसऱ्या पाळीचे ऑपरेटर पोचले नव्हते आणि लाइन ताब्यात दिल्याशिवाय हलता येत नाही. ते का पोचले नाहीत, तर त्यांना भोसरी-मोशीहून घेऊन येणारी बस हीच! ती आली उशिरा, म्हणून निघाली उशिरा. चाकणच्या तळेगाव चौकात उतरेपर्यंत शिक्रापूरकडं जाणाऱ्या सहा आसनी रिक्षा निघून गेलेल्या असतात. मग मुलं टपरीच्या बाकावर बसून राहतात, नाहीतर ट्रकला हात करतात. एकानं सांगितलं, घरी पोचायला अडीच वाजतात आणि सकाळी मुलीला शाळेत सोडायची पाळी त्याचीच.

त्यांना बस नको होती. सहा आसनी गाठायची होती.

भोसरीहून बस वीस मिनिटं आधी काढली की सगळं सुटत होतं. पण मग तिसऱ्या पाळीवाले बिथरले. आम्ही फुकट लवकर का यायचं? त्यांचं ऐकायला बसल्यावर निघालं पोह्यांचं. रात्री ते पोचतात तोवर कॅन्टीनमधले पोहे दुसऱ्या पाळीनं संपवलेले असतात आणि चहाचा थर्मास रिकामा. त्यांच्यासाठी वेगळा घाणा पावणेबाराला काढायचं ठरलं. पोहे गरम, चहा ताजा, बस वेळेवर. युनियनचे सेक्रेटरी सही करताना म्हणाले, "मॅडम, आम्ही बस मागितली आणि तुम्ही पोहे खायला घातलेत." पण सही केली.

गंमत पुढेच आहे. वर्षअखेरीला बसचा खर्च वाचवल्याचं श्रेय अ‍ॅडमिननं घेतलं. मागणी 'मागे घेतली' म्हणून करारात तिचा उल्लेखच नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मोजता येण्याजोगी कामगिरी लिहायची असते. न झालेला ओव्हरटाइम-बहिष्कार मी कुठल्या आकड्यात लिहू?

शनिवार

असाइनमेंट पुरी केली. एक खरा संघर्ष निवडून त्याची चिरफाड करायची होती. बॅचमधल्या बहुतेकांनी काश्मीर, श्रीलंका, नाहीतर उत्तर आयर्लंड घेतलं. मी मुंबईचा गिरणी संप घेतला. आईचे मामा परळच्या गिरणीत बदली कामगार होते. संपानंतर गावी गेले ते परत आलेच नाहीत. पण ते कारण कागदावर लिहिलं नाही.

१८ जानेवारी १९८२. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणं, भत्ते या मागण्या सगळ्यांना पाठ आहेत. आणखी एक मागणी मात्र लोक विसरतात: १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. या कायद्यानं अख्ख्या धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, आणि ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकांनी बोलायचं ते तिच्याशीच. कामगार तर संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे. म्हणजे ज्यांच्यामागे माणसं होती त्यांना टेबलावर खुर्ची नव्हती आणि ज्यांना खुर्ची होती त्यांच्यामागे माणसं नव्हती. अशा ठिकाणी जगातला सर्वांत हुशार मध्यस्थ आणून बसवला असता तरी तो बोलणार कुणाशी?

शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांचा संघर्षाचा त्रिकोण इथं चपखल बसतो. एका कोनावर वर्तन, दुसऱ्यावर मनोवृत्ती, तिसऱ्यावर मुळातली विसंगती. वर्तमानपत्रांत दिसतं ते वर्तन: मोर्चे, दगडफेक, अटका. मनोवृत्तीवर भाषणं होतात: डॉक्टर हट्टी, मालक निर्दय, सरकार आडमुठं. विसंगती कायद्याच्या कलमांत शांत बसलेली असते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही.

लिहिता लिहिता हात आमच्या शॉपफ्लोअरवर आला. आमच्याकडचा करार सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर होतो, तोंडी भाषेत 'ट्वेल्व्ह-थ्री'. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातला तो आकडा, कलम १२(३). त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेत कलमांचे क्रमांक बदलले तरी लोक जुनेच बोलतात. ट्वेल्व्ह-थ्रीची खासियत अशी की युनियनचा सभासद नसलेल्या कामगारालाही तो लागू होतो. नुसता आपापसात केलेला 'टू-पी' करार सही करणाऱ्यांपुरताच. म्हणून मॅनेजमेंटला ट्वेल्व्ह-थ्री आवडतो, सगळे एकदम बांधले जातात. सगळे म्हणजे? त्याच लाइनवर, तोच टॉर्क रेंच हातात धरून उभी असलेली कंत्राटी मुलं यात नाहीत. त्यांचा मालक ठेकेदार. आमच्या टेबलावर त्यांना खुर्ची नाही आणि खरं सांगायचं तर युनियनलाही ती टाकायची घाई नाही, कारण तीच रक्कम मग जास्त जणांत वाटावी लागेल.

हा परिच्छेद असाइनमेंटमध्ये ठेवला आहे. कंपनीचं नाव नाही, गावाचं नाही.

रविवार

कायद्याचा पेपर. २०२३ चा मध्यस्थी कायदा पुन्हा डोळ्यांखालून घातला. मध्यस्थीला १२० दिवस, दोन्ही पक्ष तयार असतील तर आणखी ६०. लेखी समझोता झाला की त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी. आत काय बोलणं झालं ते बाहेर न्यायचं नाही. हा शेवटचा मुद्दा वाचताना बरं वाटलं आणि थोडं वाईटही. चांगल्या मध्यस्थाच्या हातून कागदावर उरतं ते इतकंच: तोडगा निघाला, किंवा निघाला नाही. रात्री दीडला कोण रडलं, कुणी कुणाची माफी मागितली, कुठल्या वाक्यावर गाडं पुढे सरकलं, हे त्यानं कुणाला सांगायचं नाही. ज्या विद्येची खूण मागे ठेवायची नसते, तिच्या जोरावर मी बढती मागायला निघाले आहे.

शिवाय हा डिप्लोमा हातात आला म्हणून कुणी मला कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसवणार नाही. तिथं सुप्रीम कोर्टाच्या समितीनं घालून दिलेलं चाळीस तासांचं प्रशिक्षण लागतं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका वकीलबाई म्हणतात, त्या चाळीस तासांत डिप्लोमापेक्षा जास्त मिळतं. मला नाही तसं वाटत. बोलायचं कसं ते चाळीस तासांत शिकता येईल. टेबलावर कोण नाही हे बघायची नजर मला गाल्टुंगच्या त्रिकोणानं दिली.

आयआरच्या जागेची मुलाखत शुक्रवारी झाली, ते लिहायचंच राहिलं. प्लांट हेडनी विचारलं, "हे सगळं शिकून तुम्ही न्यूट्रल होणार की कंपनीच्या बाजूनं राहणार?" मी म्हटलं, "सर, पगार मला कंपनी देते आणि हे युनियनलाही माहीत आहे. त्यामुळे मी मध्यस्थ होऊच शकत नाही, मी एक बाजू आहे. फक्त दुसऱ्या बाजूला काय हवंय ते तिनं मागायच्या आधी मला कळलेलं असेल." ते काही बोलले नाहीत, फाइलवर काहीतरी टिपलं. निकाल करार झाल्यावर म्हणे.

जागा मिळो न मिळो, एक प्रस्ताव लिहायला घेतला आहे. कॅन्टीन कमिटीत कंत्राटी कामगारांचे दोन प्रतिनिधी. वेतनकराराच्या टेबलावर त्यांना आणणं माझ्या ताकदीबाहेरचं आहे, कायदाही आड येईल आणि युनियनही. कॅन्टीनचं तसं नाही. १९४८ च्या जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता, आणि पोहे तर तोही खातो. सेक्रेटरींच्या कानावर घातलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही त्यांचं पोह्यांवर मत घ्याल, उद्या हळूच पगारावर घ्याल."

मी नाही म्हटलं नाही.