लेंड्यांची वही

पहिला दिवस

आले दोघं ससे. कॅरियरचं दार उघडून तीन तास झाले, अजून बाहेर काही येत नाही. आत कोपऱ्यात एकमेकांत घुसून बसलेत, कान पाठीला चिकटवून. उचलायचं नाही, हात पुढे करायचा नाही, नुसतं जमिनीवर बसून राहायचं, असं, जिथून त्यांना दत्तक घेतलं त्या प्राण्यांच्या संस्थेतल्या मुलीनं बजावलं होतं. बसले. गुडघे बोलायला लागले तरी बसले. हे दारातून म्हणाले, "झालं का दर्शन?" एक नाक दिसलं, तेही हलणारं.

दत्तकाच्या फॉर्मचं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. चार पानं होती. घर भाड्याचं की स्वतःचं, वायरी झाकल्या आहेत का, गावाला गेलात तर कोण बघणार, इथवर ठीक चाललं होतं. मग ती म्हणाली, "काकू, दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" पोरगी पंचविशीची. घरात नीट ठेवलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो म्हणून विचारलं, वाईट हेतू काही नव्हता. माझं वय चोपन्न. मनात बेरीज केली आणि "कुठे जाणार, इथेच" म्हणाले. शेवटच्या पानावर रकाना होता: तुमच्यानंतर जबाबदारी कोणाची? तो कोरा ठेवून सही ठोकली. तिनं पाहिलं, बोलली नाही.

पाचवा दिवस

नावं पडली. नर तात्या, कारण पुढचे पाय पोटाखाली दुमडून, डोळे अर्धवट मिटून असा बसतो की आता पेन्शनचा विषय काढेल. मादी ठमी. ती बसतच नाही.

'सशाचं काळीज' ज्यानं म्हटलं त्याला ठमी भेटलेली नसावी. आज तिच्या पिंजऱ्यात गवत भरायला हात घातला तर घुरघुरून अंगावर आली आणि दोन्ही पंजांनी मनगटावर फटके हाणले. नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या माद्या आपल्या जागेसाठी अशा भांडतात म्हणे. मला आवडलं तिचं.

दोघं कुठून आले ते आज फोनवर नीट कळलं. कुणीतरी मुलाच्या वाढदिवसाला जोडी आणली होती. विकणाऱ्यानं "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून दिली. ३१ दिवसांत पिल्लं झाली. व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार! संस्थेची माणसं पोचली तेव्हा बाल्कनीत सदतीस ससे होते. शेजाऱ्यांचा सल्ला एकच: रानात सोडून द्या.

आपल्या भाषेनंही घोटाळा केलाय, रानातला काय नि पाळीव काय, दोघांनाही ससाच म्हणतो आपण. रानातल्या सशाचं पिल्लू उघड्यावर जन्मतं, अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन. हे पाळीव ससे मुळात बिळात राहणाऱ्या युरोपीय सशाच्या वंशातले, जन्मतात ते उघडेबोडके आणि आंधळे. आणि आमचा पांढराफेक तात्या रानात सोडला तर संध्याकाळही बघायचा नाही.

अकरावा दिवस

हॉलमधल्या दिव्याची वायर गेली. चूक आमची. दात आठवड्याला दोनेक मिलिमीटर वाढतात, जन्मभर. गवत चावून झिजले तर झिजले, नाहीतर आहेच आमचं फर्निचर.

एकोणिसावा दिवस

जो येतो तो गाजर घेऊन येतो! दाराशीच हातातून काढून घ्यावं लागतं. गाजरात साखर बरीच, कधीतरी चकतीभर पुरे. यांचं खरं जेवण वाळलेलं गवत, ताटात शंभर भाग असतील तर ऐंशीच्या वर तेच. दिवसभर चघळत राहायला हवं, कारण आतडं थांबलं की ससा संपला. हे डॉक्टर इतकं शांतपणे म्हणाले की मी घरी येऊन वही आणली.

वहीत लेंड्या मोजते. ह्यांना वाटलं मला काहीतरी झालंय. पण ससा दुखणं सांगत नाही, लपवतो. ज्याची सगळेच शिकार करतात तो लंगडत कशाला दाखवेल? विव्हळणं नाही, ओरडणं नाही. बोलते ती फक्त लेंडी. गोल, कोरडी, बोटांत चुरली तर गवताचा भुसा, अशी हवी. लहान झाल्या, आकार बिघडला, केसात ओवल्यासारखी माळ आली, तर लक्ष द्यायचं. धडधाकट सशाच्या दिवसाला दोन-तीनशे होतात, एवढ्या काही मी मोजत नाही. सकाळी ट्रेमधल्या मोजते आणि बाकीचा अंदाज लिहिते.

शिवाय मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी वेगळी विष्ठा असते, ती ते थेट तोंड लावून खातात. पहिल्या फेरीत न पचलेलं त्यातून पुन्हा अंगी लागतं. हे बघून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

छत्तिसावा दिवस

तात्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. अजून दोघं वेगळ्या पिंजऱ्यांतच, कारण नर त्यानंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो. जाळीला नाक लावून एकमेकांसमोर पडलेले असतात.

पहिल्या दवाखान्यात सांगितलं होतं, "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा." आपल्या ऑपरेशनला ठेवतात तसं. मला पटलंही होतं. सहज म्हणून संस्थेत फोन केला तर ती मुलगी किंचाळलीच, "काकू, नका!" ससा ओकू शकत नाही, मग उपाशी ठेवायचं कशासाठी? उलट पोट रिकामं राहिलं की आतडं मंदावतं. तिनंच दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर दिला. ते सशांचं नेहमी करतात. आता हा दवाखाना घरापासून दीड तासावर, पण चालेल.

अठ्ठेचाळिसावा दिवस, नव्हे, एकोणपन्नासावा. पहाट

काल ठमीचं ऑपरेशन. वय वाढेल तसा मादीच्या गर्भाशयात कॅन्सर होण्याचा धोका फार, म्हणून टाळलं नाही. दुपारी घरी आणली. गवत पुढे धरलं, तोंड फिरवलं. कोथिंबीर धरली, तेच. संध्याकाळी सात: शून्य. नऊ: शून्य. कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेली आणि दात खाण्याचा आवाज. तात्या मांडीशी आला की दात वाजवतो तो हलका, समाधानाचा. हा कराकरा होता.

डॉक्टरांना फोन लावला. दुखणं थांबवायचं औषध दिलेलं होतं, ते वेळेवर द्या म्हणाले, आणि गवताच्या भुकटीचं पातळ मिश्रण सिरिंजनं भरवा. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. वजन एखाद्या उशीएवढं. हाडं इतकी हलकी की जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेतील, म्हणून ढुंगण तळहातावर पक्कं धरायचं. सिरिंज समोरून नाही, गालाच्या बाजूनं, समोरच्या दातांमागं मोकळी फट असते तिथून. अर्धा मिली, थांबायचं, गिळलं की पुन्हा. अर्धं तिनं घेतलं, अर्धं माझ्या ड्रेसवर. ह्यांनी दिवा धरला होता. अडीचला त्यांनी विचारलं, "तू झोप, मी बघतो मोजणीचं. लहान-मोठ्या वेगळ्या लिहायच्या ना?"

चार वाजून चाळीस मिनिटांनी सात. वाटाण्याच्या अर्ध्या, वेड्यावाकड्या. ह्यांनी वहीत लिहिलं, "७ (लहान)". अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

त्रेपन्नावा दिवस

ठमी खाते आहे. टाक्यांच्या जागी हात लावू देत नाही, फटके पुन्हा सुरू, म्हणजे बरी आहे.

फॉर्मची प्रत आज कपाटातून काढली. चिरंजीवांना फोनवर विचारलं होतं. "दहा वर्षं? आई, पुढच्या महिन्यात मी कुठे असेन ते मला माहीत नाही." खरं बोलला. राग आला नाही, थोडा आला. संस्थेतली मुलगी म्हणाली, कुणी नसेल तर आमच्याकडेच परत येतील, पण त्यांना नव्यानं सुरुवात करायला लावू नका. त्या रकान्यात भाचीचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. तिला अजून विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी येणार आहे, तेव्हा आधी तात्याला तिच्या मांडीशी जाऊ देईन आणि मग विषय काढीन. ही लबाडी आहे, मला कळतंय.

ठमीनं आत्ता मागचा पाय आपटला. दोनदा. बघून येते.