स्क्रीनिंगमध्ये १७-ओएचपी वाढलेलं आलं तेव्हा

बाळ ३२व्या आठवड्यात जन्मलं. नवजात बाळांच्या स्क्रीनिंगसाठी टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ते एनआयसीयूतच होतं. बाकी सगळं ठीक, फक्त १७-ओएचपी (१७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन) कट-ऑफच्या, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या, बरंच वर. शंका सीएएचची, म्हणजे कन्जेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजियाची. या जन्मजात विकारात बहुतेक वेळा अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम कमी पडतं. मग कॉर्टिसॉल (ताण पेलायला लागणारं हॉर्मोन), अल्डोस्टेरॉन (शरीरातलं मीठ राखणारं हॉर्मोन) पुरेसं बनत नाही आणि त्याआधीच्या टप्प्यातलं १७-ओएचपी साचत जातं. तीव्र प्रकारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच लघवीवाटे मीठ जाऊन बाळ अत्यवस्थ होऊ शकतं. मुलगी असती तर जननेंद्रियांवरून कदाचित आधीच सुगावा लागला असता. आमचा मुलगा, त्यामुळे दिसण्यावरून काही कळणार नव्हतं. साधारण १५,००० बाळांत एकाला हा विकार असतो, असं मला धीर द्यायला सांगितलं गेलं. त्याने कुठल्या आईला धीर येतो कोण जाणे.

मीठ जातंय का हे कळावं म्हणून रक्तातलं सोडियम-पोटॅशियम वरचेवर बघत होते, आणि माझं लक्ष फक्त त्या दोन आकड्यांवर.

डॉक्टर म्हणाल्या, "आई, याचं शरीर अजून पोटातल्याच हिशोबाने चाललंय." मग त्यांनी नीट बसवून सांगितलं. गर्भाच्या अ‍ॅड्रिनलचा मोठा भाग फक्त गर्भावस्थेपुरता असतो. तो मुख्यतः डीएचईए-सल्फेट नावाचं स्टिरॉइड बनवतो. गर्भाच्या यकृतात त्यात थोडा बदल होतो आणि वार (प्लॅसेंटा) त्यापासून इस्ट्रिऑल हे इस्ट्रोजेन तयार करते. त्यासाठी लागणारं १७-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम वारेकडे जवळपास नसतं, म्हणून ती बाळावर अवलंबून. प्रोजेस्टेरॉन मात्र तीच बनवते. जन्मानंतर वार लगेच जाते, पण अ‍ॅड्रिनलचा तो भाग आटायला आठवडे, महिने लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो अजून जोरात असतो. त्याची काही स्टिरॉइडं १७-ओएचपीशी इतकी मिळतीजुळती असतात, की स्क्रीनिंगच्या नेहमीच्या चाचणीतली १७-ओएचपी ओळखणारी अँटिबॉडी फसते आणि त्यांनाही मोजते. शिवाय आजारपणाच्या ताणानेही आकडा चढतो.

बाळंतपणाआधी मला बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती, त्यांचं काय, हे मी विचारलंच. आईचं बरंचसं कॉर्टिसॉल वार निष्क्रिय करून टाकते. बीटामेथासोन तिच्या तावडीतून बऱ्यापैकी सुटतं, म्हणून तर ते निवडतात. पण त्याने बाळाची अ‍ॅड्रिनल काही दिवस दबू शकते, म्हणजे सुरुवातीचा कमी आकडासुद्धा डोळे झाकून मानायचा नाही. हे ऐकून मी जरा गप्पच झाले.

दुसरा नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला गेला. ती पद्धत रेणू वेगवेगळे ओळखते. त्यात १७-ओएचपी ३२ आठवड्यांच्या बाळाला चालेल इतकंच निघालं. सोडियम-पोटॅशियम शेवटपर्यंत जागेवर होतं, त्यामुळे एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला चालना देणारं हॉर्मोन) देऊन करायची चाचणी टळली. हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातलं कॉर्टिसॉल) हेही लागलं नाही.

असा रिपोर्ट हाती आला तर फॉर्मवर बाळाचे आठवडे, वजन आणि रक्त घेतल्याची वेळ बरोबर लिहिली आहे ना, हे आधी बघा. कट-ऑफ त्यावरच ठरतो. आणि दुसऱ्या तपासणीला 'बाळ छान दूध पितंय' म्हणून उशीर करू नका.